स्टुलावरचा माणूस

काल झोप येईना म्हणून हार्ट सर्जरीतल्या व्हिव्हियन थॉमस या अमेरिकन माणसाबद्दल वाचत बसलो आणि डोकंच फिरलं राव. गडी मूळचा सुतारकामातला, मंदीमुळे कॉलेज लांबलं, मग १९३० ला सर्जन डॉ. ब्लॅलॉकच्या लॅबमध्ये लागला, पुढे काही महिन्यांत बँक बुडाली त्यात कॉलेजसाठी साठवलेले पैसेही गेले, काम रिसर्चचं पण काळा म्हणून हुद्दा आणि पगार झाडूवाल्याचा!

२९ नोव्हेंबर १९४४, अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल. टेबलावर जन्मजात हृदयदोषामुळे ओठ निळे पडलेली एवढीशी पोर, हातात सुरी ब्लॅलॉकच्या, पण हेच ऑपरेशन कुत्र्यांवर करून करून हात बसलेला थॉमसचा, म्हणून तो मागे स्टुलावर उभा राहून टाका कसा घालायचा ते सांगतोय. ऑपरेशनला नाव मात्र पडलं ब्लॅलॉक आणि हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हेलन टॉसिगचं. थॉमसला मानद डॉक्टरेट मिळाली थेट १९७६ ला, तीपण कायद्याची, बोला आता.