चावी अजून माझ्याकडेच आहे

आज पाच सीटची गाडी चालवून पाहिली. शांत, ऐसपैस, बाबागाडी डिकीत सहज मावते. नावं ठेवायला जागाच नाही. परत येऊन माझ्या माझदा एमएक्स-५ मध्ये बसले आणि गळा दाटून आला.

१९८९ साली आलं तेव्हापासून या मॉडेलचं सूत्र एकच: वजन हलकं, सीट दोन, ताकद मागच्या चाकांना. वळणावर रस्ता स्टीअरिंगमधून थेट हाताला कळतो. गिअरच्या नॉबवरचं कातडं माझ्याच तळव्याने गुळगुळीत झालंय.

पण तीन महिन्यांत बाळ येतंय. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट चालू एअरबॅगसमोर लावायची नसते. एअरबॅग उघडली की तडाखा थेट त्या सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच बसतो. आणि मागे सीटच नाही. शिवाय आम्ही तिघं!

नवरा म्हणतो, "राहू दे गं, दोन्ही ठेवू." पण नुसती उभी राहिली की बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटे होतात. तिला असं झुरत ठेवणं मला जमणार नाही. विकायची, पण जो तिला मनापासून चालवेल त्यालाच.

फोटो उद्या काढेन. आत्ता छत उघडून एक चक्कर मारून येते.