पंच्याऐंशी विरुद्ध शून्य

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठवा, असं समितीकडून कळलं, तेव्हा मी एका परक्या संघाबद्दल लिहायची परवानगी मागितली. ती मिळाली, त्याबद्दल आभार. संघ शिकागो विद्यापीठाचा, खेळ अमेरिकन फुटबॉल आणि हंगाम १९३९ सालचा. मी तिथे शिकायला पोचलो तेव्हा त्या हंगामाला पन्नासहून अधिक वर्षं उलटली होती. पण आपल्या शाळेच्या मैदानावर खो-खो खेळून बाहेर पडलेल्या माणसाला त्या हंगामात जे दिसतं ते इतर कुणाला दिसेल असं मला वाटत नाही. म्हणून ते इथेच लिहितो आहे.

ओळख झाली ती ग्रंथालयामुळे. शिकागो विद्यापीठाच्या रेगेनस्टाइन ग्रंथालयात मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. अमेरिकेनं भारताला धान्य दिलं, त्याची किंमत भारतानं रुपयांत फेडली आणि १९६०च्या दशकापासून त्या रुपयांतून भारतीय भाषांमधली पुस्तकं अमेरिकन ग्रंथालयांसाठी विकत घेतली जाऊ लागली. गव्हाच्या बदल्यात आलेल्या त्या पुस्तकांनी परदेशातले माझे हिवाळे निभावून नेले. आणि १९७० साली उघडलेली ही प्रचंड इमारत जिथे उभी आहे, तिथेच पूर्वी विद्यापीठाचं फुटबॉलचं मैदान होतं. स्टॅग फील्ड. त्याच मैदानाच्या पश्चिमेकडच्या प्रेक्षक-गॅलरीखाली, रॅकेट खेळायच्या कोर्टात, २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणु-साखळी प्रक्रिया घडवून आणली. आज तिथे हेन्री मूर यांचं ब्राँझचं शिल्प आहे आणि पर्यटक त्याचे फोटो काढतात. अणूची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. ती गॅलरी अशा प्रयोगाला मोकळी का सापडली, हे फारसं कुणी विचारत नाही. तिथला फुटबॉल तीन वर्षांपूर्वीच बंद झाला होता.

हा खेळ आपल्याकडच्या फुटबॉलसारखा नाही. लंबगोल चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. अकरा जणांचा संघ चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकला, तर त्याला आणखी चार प्रयत्न मिळतात. समोरचे अकरा जण त्याला अंगावर झेप घेऊन जमिनीवर आणतात. कबड्डीतला चढाईवाला आपल्या बाजूचे दहा जण सोबत घेऊन आत शिरला तर जे होईल, तसं काहीसं. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला (याला टचडाउन म्हणतात) की सहा गुण, वर एक जादा गुण मिळवायची संधी. त्या काळात बदली खेळाडूंचे नियम कडक होते, त्यामुळे जो चढाईला तोच बचावालाही. म्हणजे ज्या संघाकडे दमदार पोरं कमी, त्याचं शेवटच्या पंधरा मिनिटांत काय होत असेल ते सांगायला नको.

शिकागो विद्यापीठ हे पूर्वी या खेळातलं मोठं घराणं होतं. १८९२ साली विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले आणि त्याच वर्षी येलचे खेळाडू एमस अलोन्झो स्टॅग प्रशिक्षक म्हणून आले. त्यांना प्राध्यापकाचा दर्जा मिळाला होता, ही त्या काळात नवी गोष्ट होती. ते एकेचाळीस हंगाम तिथे राहिले. १९०५ साली मिशिगन विद्यापीठाचा संघ छप्पन्न सामने अपराजित होता. त्याला शिकागोनं २-० असं हरवलं. पुढे ज्या विद्यापीठसंघाला बिग टेन म्हणू लागले, त्याच्या संस्थापकांपैकी हे एक. १९२४ साली शिकागोनं त्यातलं अजिंक्यपद मिळवलं, आणि त्याच हंगामात देशभर गाजत असलेल्या रेड ग्रेंजच्या इलिनॉय संघाला २१-२१ असं बरोबरीत रोखलं. तेच त्यांचं शेवटचं अजिंक्यपद.

उतरण हळूहळू लागली. १९२९ साली रॉबर्ट मेनार्ड हचिन्स विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. वय तीस. त्यांनी अभ्यासक्रम बदलला, वर्गातली सक्तीची हजेरी काढली आणि सगळा भर मोठ्या परीक्षांवर टाकला. हुशार मुलं येऊ लागली, पण धिप्पाड येईनात. याच काळात इतर मोठी विद्यापीठं खेळाडूंना नोकऱ्यांच्या नावाखाली पैसे देत होती. कार्नेगी प्रतिष्ठानच्या १९२९च्या अहवालात हे सगळं छापून आलं होतं. शिकागोनं तो मार्ग धरला नाही. १९३२च्या हंगामानंतर सत्तरीचं वय झालं म्हणून स्टॅग यांना निवृत्त केलं गेलं. त्यांना ते मान्य नव्हतं. ते कॅलिफोर्नियातल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये जाऊन पुन्हा प्रशिक्षक झाले आणि १९३८ साली आपला संघ घेऊन शिकागोत, स्वतःचं नाव असलेल्या मैदानावर आले. शिकागो ०-३२ असं हरलं. पुढे ते १०२ वर्षं जगले.

मधल्या काळात एक पोरगा मात्र विलक्षण निघाला. आयोवातल्या डब्यूक गावचा जे बरवँगर. कॉलेज-फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा, आज ज्याला हाइझमन करंडक म्हणतात, तो १९३५ साली पहिल्यांदा दिला गेला आणि तो त्याला मिळाला. १९३४ साली शिकागोनं मिशिगनला २७-० हरवलं, तेव्हा बरवँगरला अडवताना मिशिगनच्या एका खेळाडूच्या डाव्या डोळ्याखाली जखम झाली आणि व्रण कायमचा राहिला. तो खेळाडू म्हणजे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड. बरवँगर व्यावसायिक खेळाडू झालाच नाही. पदवी घेऊन गेला.

आता १९३९. प्रशिक्षक होते क्लार्क शॉनेसी. पहिलाच सामना बेलॉइट या छोट्या कॉलेजशी, आणि तो ०-६ असा गेला. दुसरा वॉबॅश कॉलेजशी, तो १२-२ असा जिंकला. मग हार्वर्ड आलं आणि ६१-० जिंकून गेलं. त्यानंतर २१ ऑक्टोबरला मिशिगन.

मिशिगनचे प्रशिक्षक होते फ्रिट्झ क्रायस्लर. ते शिकागोचेच माजी विद्यार्थी, स्टॅग यांच्या हाताखाली याच मैदानावर घडलेले. त्यांच्या संघात टॉम हार्मन होता, त्या काळातला देशातला सर्वांत धोकादायक धावणारा खेळाडू. क्रायस्लर यांनी राखीव खेळाडू उतरवले, तरी गुण थांबेनात. शेवटी फलक ८५-० वर थांबला. ज्या मैदानावर पाचच वर्षांपूर्वी मिशिगनला २७-० हरवलं होतं, त्याच मैदानावर.

मला या आकड्यापेक्षा पुढचं महत्त्वाचं वाटतं. मिशिगननंतर व्हर्जिनियाकडून ०-४७, मग ओहायो स्टेटकडून ०-६१. हार्वर्डपासून मोजले तर लागोपाठ चार सामन्यांत २५४ गुण अंगावर आणि स्वतःचा एकही नाही. या मुलांना कुणी खेळायचे पैसे देत नव्हतं. संघ सोडला असता तर कुणाचं शिक्षण अडलं नसतं. वर्तमानपत्रं त्यांच्याबद्दल काय छापत होती ते त्यांना वाचता येत होतं. तरीही संघ पुन्हा उभा राहिला, आणि ओहायो स्टेटनंतरच्याच सामन्यात त्यांनी ओबर्लिन कॉलेजला २५-० हरवलं! माझ्या मते त्या हंगामातला खरा आकडा हाच आहे, आणि नेमका हाच कुणी सांगत नाही. शेवटचा सामना इलिनॉयशी, ०-४६. आठ सामने, दोन विजय, केलेले गुण ३७, झालेले ३०८.

२१ डिसेंबर १९३९ रोजी विद्यापीठाच्या विश्वस्तांनी फुटबॉल बंद करायचा निर्णय घेतला. हचिन्स यांची भूमिका जुनी होती. आदल्याच वर्षी त्यांनी एका लोकप्रिय साप्ताहिकात लेख लिहून, तिकीटविक्रीच्या पैशानं कॉलेजच्या खेळाचा कसा धंदा झाला आहे ते मांडलं होतं. त्यांचं बोलणं मला बहुतांशी पटतं. विद्यापीठ म्हणजे करमणुकीचं दुकान नव्हे, आणि पन्नास हजारांची गॅलरी भरायची म्हणून अभ्यासात रस नसलेल्या मुलांना प्रवेश द्यायचा, हे चूकच. अमेरिकेतल्या कॉलेज-फुटबॉलचे नंतरचे आकडे आणि घोटाळे बघितले, तर हचिन्स द्रष्टे होते असंच म्हणावं लागेल.

पण निर्णय मला पटत नाही. त्या हंगामाचा निकालतक्ता समोर ठेवून बघा. वॉबॅश आणि ओबर्लिन ही दोन्ही शिकागोसारखीच, मुलांना आधी विद्यार्थी मानणारी कॉलेजं. त्यांच्याशी शिकागो जिंकलं. बेलॉइटशी हरलं, पण एका टचडाउननं. धुलाई झाली ती ज्यांच्याशी बरोबरी उरलीच नव्हती त्यांच्याकडून. म्हणजे दुखणं खेळात नव्हतं, सामने कुणाशी ठरवले त्यात होतं. बिग टेनमधली जुनी खुर्ची सोडून छोट्या कॉलेजांबरोबर बसायला मोठेपणा लागतो. तो दाखवण्यापेक्षा खेळच सोडणं त्या क्षणी सोपं गेलं. हचिन्स यांच्यासारख्या स्वतंत्र बुद्धीच्या माणसाकडून मला इथे जास्त अपेक्षा होती.

शॉनेसी यांचं पुढे जे झालं ते वाचून मी ग्रंथालयात अक्षरशः जागेवरून उठलो होतो. शिकागोत असतानाच ते शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाचे मालक-प्रशिक्षक जॉर्ज हॅलस यांच्याबरोबर टी फॉर्मेशन नावाच्या रचनेवर काम करत होते. रचना जुनीच होती, पण दोघांनी तिला नवं रूप दिलं. चेंडू थेट क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चाल चालवणाऱ्या खेळाडूच्या, हातात यायचा आणि बाकीचे इतक्या वेगवेगळ्या दिशांना सुटायचे, की चेंडू कुणाकडे आहे तेच समोरच्याला कळायचं नाही. फुटबॉल बंद झाल्यावर शॉनेसी स्टॅनफर्डला गेले. स्टॅनफर्डनं १९३९ साली नऊ सामन्यांतला फक्त एक जिंकला होता. १९४० साली त्यांनी सगळेच्या सगळे जिंकले, आणि १ जानेवारी १९४१ रोजी रोझ बोल या हंगामानंतरच्या मानाच्या सामन्यात नेब्रास्काला २१-१३ हरवलं. मधेच, ८ डिसेंबर १९४० रोजी, शिकागो बेअर्सनी व्यावसायिक अजिंक्यपदाच्या सामन्यात वॉशिंग्टनला ७३-० असं लोळवलं. त्या सामन्याच्या तयारीतही शॉनेसी यांचा हात होता. काही वर्षांत जवळजवळ सगळा देश टी फॉर्मेशन खेळू लागला.

म्हणजे ८५-० हरणाऱ्या संघाच्या बाकावर त्या शनिवारी, या खेळाचं पुढचं युग ज्याच्या डोक्यात तयार होत होतं तो माणूस बसला होता. गुणफलकावरून माणसाची पारख करणाऱ्यांना हे दाखवायला हवं.

शिकागोत खेळ पुढे परतला. १९६३च्या सुमारास काही विद्यार्थी पुन्हा फुटबॉल खेळू लागले, तर इतर काहींनी मैदानात ठाण मांडून त्याला विरोध केला. १९६९ साली विद्यापीठाचा अधिकृत संघ पुन्हा उतरला, या वेळी छोट्या कॉलेजांविरुद्ध. खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. नवं मैदान जुन्यापासून पश्चिमेला काही चौकांवर आहे आणि त्यालाही स्टॅग यांचंच नाव दिलं आहे. मी तिथे सामने बघायला जात असे. गॅलरीत आई-वडील, मित्र आणि आमच्यासारखे थोडे परदेशी विद्यार्थी. एका खेळाडूला मी आठवड्याच्या मधल्या दिवशी संख्याशास्त्राच्या शिकवणीत भेटत असे. शनिवारी तो चिखलानं माखलेला दिसायचा, सोमवारी गृहपाठ वेळेवर द्यायचा. जे १९३९ साली व्हायला हवं होतं ते तीस वर्षं उशिरा झालं होतं.

आपल्या शाळेचा खो-खोचा संघ माझ्या वेळी तालुक्याला जायचा आणि बहुधा पहिल्याच फेरीत परतायचा. समोर क्रीडा प्रबोधिनीच्या तयारीतली पोरं असायची, दोन-दोन डाव आमच्यावर चढवायची. पीटीचे सर तरीही दर वर्षी नावं द्यायचे. दहावीच्या मुलांना खेळातून काढा असं पालक सांगायचे, तेव्हा सर ऐकून घ्यायचे आणि यादी जशीच्या तशी पाठवायचे. शिवाय शेजारच्या दोन गावांच्या शाळांशी ते स्वतः सामने ठरवायचे. त्या सामन्यांत आम्ही कधी जिंकायचो, कधी हरायचो, पण शेवटच्या मिनिटापर्यंत काय होईल ते कुणालाच माहीत नसायचं. स्टॅग, हचिन्स, शॉनेसी ही नावं सरांनी ऐकलीही नसतील. पण शिकागोच्या विश्वस्तांना जे सुचलं नाही, ते आमच्या सरांनी एसटीच्या भाड्याची वर्गणी गोळा करून दर हिवाळ्यात केलं.

महोत्सव समितीनं देणगीसाठी आवाहन केलं आहे. माझी रक्कम नव्या इमारतीच्या खात्यात न घेता शेजारच्या शाळांशी होणाऱ्या सामन्यांच्या प्रवासखर्चासाठी वेगळी ठेवावी, आणि कुठल्याही वर्षी संघ किती वाईट हरला यावरून ती बंद करू नये, अशी लेखी विनंती मी धनादेशासोबत जोडली आहे.