मागच्या सीटचं माप

दसऱ्याच्या आगेमागे आमच्या अंबाजोगाईत सीटच्या कामाला उसंत नसते. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या असतात, उचल हातात आलेली असते आणि कारखान्यावर गाडी न्यायची म्हणून गडी आधी टायर बदलतो, मग सीट करून घेतो. त्या गर्दीत परळीकडच्या खेड्यातले एक काका स्प्लेंडर घेऊन आले. म्हणाले, "उस्ताद, माईला दवाखान्यात न्यावं लागतंय. फोम एकदम मऊ टाका, पैशाचं बघू नका."

मऊ म्हणजे आरामशीर, हा गिऱ्हाइकाचा जुना समज. दुकानात अंगठ्यानं दाबला की मऊ फोम छान वाटतो. गाडी थोडी चालली की तो तळाला लागतो आणि बसणारा थेट प्लास्टिकच्या बेसवर येतो. 40 डेन्सिटीचा, म्हणजे घनमीटरला 40 किलो वजनाचा तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांना तो कडक वाटला. शेवटी म्हटलं, "काका, माईलाच आणा. बसवून बघू."

मागं बसणारं माणूस आमच्या दुकानात येतच नाही. उंची चालवणारा ठरवतो, रंग आणि शिलाई त्याचा पोरगा ठरवतो. ज्या बाईला त्या सीटवर बसून घाट चढायचा-उतरायचाय तिला कुणी विचारत नाही. विचारावं असं आम्हा कारागिरांनाही वाटत नाही, याचा मला आता राग येतो.

माई आल्या. गाडी डबल स्टँडवर लावली, दोघांनी धरून त्यांना बसवलं. नऊवारी, गुडघे आखडलेले. दोन्हीकडं पाय टाकणं शक्यच नव्हतं, एका अंगानंच बसल्या. म्हणाल्या, "टोचत न्हाई बाबा. घाट उतरताना ह्यानं ब्रेक मारला की म्या पुढं घसरायलेय. धरायला काय हायेच न्हाई."

सीट उलटी करून पाहिली. आधी कुणीतरी गुळगुळीत, चकचकीत रेक्झिन ताणून बसवलेलं. मागं बसणाऱ्यानं धरायचा सीटवरचा मधला पट्टा कापून टाकलेला, कारण तो ठेवायचा तर त्याला वेगळं बांधकाम लागतं. पिना इतक्या लांब की बेसच्या पार होऊन खालच्या वायरिंगला घासत होत्या. चालवणाऱ्याच्या जागेचा फोम दबलेला, त्यामुळं अख्खी सीट टाकीकडं उतरती. म्हणजे घाटाचा उतार आणि वर सीटचा उतार. वरचा फोम कितीही मऊ केला असता तरी माई घसरणारच होत्या.

सगळा जुना फोम काढला. पुढची जागा भरून घेतली, मागं पाचरीसारखा तुकडा लावून बसायची जागा सपाट केली. माईंच्या मांड्यांखाली डावी कड काचत होती, तिथं साधारण इंचभर बाहेर जायचं ठरवलं. यात खरी कसोटी असते. बेसच्या बाहेर नुसता फोम नेला तर तो महिन्याभरात लोंबतो. म्हणून खाली चुऱ्याचा, दाबून केलेला कडक रिबॉन्डेड फोम सोल्युशननं चिकटवला, ब्लेडनं तासून कड गोल केली आणि त्यावर 40 चा थर दिला. वर खरबरीत दाण्याचं रेक्झिन घेतलं. शिलाई बसायच्या जागेतून पूर्ण बाजूला काढली. हल्ली पोरांना डायमंड शिलाई हवी असते, पण सुईच्या प्रत्येक भोकातून पावसाचं पाणी आत जातं आणि फोम ते धरून ठेवतो. पट्टा बेसमधून आरपार नेऊन खाली वॉशर-बोल्टनं आवळला.

दुधाच्या कॅन अडकवायच्या म्हणून काकांनी साडीगार्ड काढून ठेवलेलं. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 123 व्या नियमात मागच्यासाठी हाताची पकड, पाय ठेवायला जागा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान निम्मं झाकणारं आवरण सांगितलंय. गार्ड लावून आणा, मगच सीट चढवतो, असं मी स्पष्ट सांगितलं. काका चिडले, पण घेऊन आले.

काम मनासारखं झालं. तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. एका अंगानं बसणं धोक्याचंच. तोल गेला की बाई सरळ रस्त्यावर. मी ती बसायची पद्धत सोयीची करून दिली. माईंना दुसरा इलाज नव्हता, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पण ती सीट पाहून त्यांच्याच गावचा एक तरुण आला, बायकोसाठी तशीच कड काढून द्या म्हणाला. बायको धडधाकट आहे, पंजाबी ड्रेस घालते, दोन्हीकडं पाय टाकून सहज बसेल. मग कड कशाला? तर म्हणाला, "गावात बरं दिसत नाही."

त्याला नाही म्हणून सांगितलं. तो शेजारच्या दुकानात गेला असणार, आणि तिथं कडक फोम खाली न घालताच कड काढून दिली असणार.