कूलंट भरल्यावरचा अर्धा तास

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला आलेली गाडी माझ्या गॅरेजसमोर थांबली की ड्रायव्हरचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं, "दादा, पोफळी सोडली आणि काटा लालला टेकला." बोनेट उघडावं तर सगळं जागेवर. पंखा फिरतोय, गळती नाही, कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, रिझर्व्ह बाटली फुलच्या खुणेपर्यंत भरलेली. मग मी विचारतो, कूलंट कधी बदललं? "परवाच की!" इथेच निम्मं निदान होतं. आत एअर राहिलीय.

पाण्याचा पंप पाणी ढकलायला केलेला असतो. त्याच्या पात्यांत हवा शिरली की तो नुसता फिरतो, पाणी पुढे सरकत नाही. शिवाय हवा वर चढून हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, किंवा डॅशबोर्डमागच्या हीटरमध्ये दबा धरून बसते. हेडमधल्या त्या जागेला पाणी लागतच नाही. टेंपरेचरचा सेन्सर नेमका हवेत उघडा पडला तर काटा बराच वेळ खालीच दिसतो आणि मग एकदम उसळी मारतो. हीटर चालू करूनही गार वारा येत असेल किंवा डॅशबोर्डमागून गुळगुळ आवाज येत असेल, तर ती एअरचीच खूण समजायची.

एअर काढायची ती थंड इंजिनवर. पुढची चाकं चढावर घेतो, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात वर येतं आणि हवेला वाट मिळते. हीटर फुल गरमवर ठेवायचा. एप्रिलच्या उन्हात गिऱ्हाईक माझ्याकडे बघत राहतं, पण काही गाड्यांत हीटरचा व्हॉल्व्ह त्याशिवाय उघडतच नाही. कूलंट बारीक धारेने ओतायचं. ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत तो ढिला ठेवायचा. मग झाकण न लावता गाडी आयडलिंगला सोडायची आणि थांबायचं. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट मोकळी करणारा व्हॉल्व्ह, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तोवर रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) कोमट असतो, उघडला की हाताला एकदम चटका बसतो. तेव्हा जाड फडकं धरून तो होज दाबत राहायचं. आधी मोठे बुडबुडे गडप गडप करत वर येतात, लेव्हल झर्रकन खाली जाते, मग बारीक साबणासारखे येतात, मग थांबतात. पंखा दोनदा लागून बंद झाला की झाकण लावायचं.

थर्मोस्टॅटच्या चकतीवर एक छोटी हलणारी पिन असते. ती हवा जाण्यासाठीच असते, म्हणून बसवताना वरच्या बाजूलाच हवी. घाईत ती खाली बसली की कितीही होज दाबा, हेडमधली हवा तिथेच राहते. काही जण तर "गाडी गरम होते" म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकतात. मला हे मुळीच पटत नाही. इंजिन वेळेत तापत नाही, डिझेल जास्त जातं आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

आणि एक गोष्ट मी गॅरेजमधल्या पोरांना रोज सांगतो: गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही. झाकण आतलं पाणी साधारण एक बार दाबाखाली धरून ठेवतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सुटलं की क्षणात वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर लेव्हल परत बघायची. थोडी उतरलेली असतेच, तेवढी भरायची, शक्यतो तयार कूलंटने, नाहीतर डिस्टिल्ड वॉटर मिसळून. नळाच्या पाण्याने आत क्षार धरतात. पण बुडबुडे थांबतच नसतील आणि लेव्हल रोज उतरत असेल, तर ही हवा बाहेरची नाही. हेड गॅस्केटमधून, म्हणजे हेडखालच्या सीलमधून, जळका गॅस पाण्यात शिरतोय. मग एअर काढत बसण्यात अर्थ नाही, हेड उतरवूनच बघावं लागतं.