काम न करणाऱ्यांची गल्ली

२०११ च्या जनगणनेत सोलापूरच्या पूर्व भागातील काही प्रगणन गटांचा पर्यवेक्षक म्हणून माझी नेमणूक झाली होती. पेशाने मी शिक्षक, आणि माझ्या हाताखालचे प्रगणकही शिक्षकच होते. एका पर्यवेक्षकाकडे साधारण सहा प्रगणक आणि प्रत्येक प्रगणकाकडे सव्वाशे-दीडशे घरांचा एक गट, अशी रचना होती. ९ ते २८ फेब्रुवारी या काळात घरोघरी जाऊन २९ प्रश्नांचे कुटुंबपत्रक भरायचे, २८ तारखेच्या रात्री रस्त्यावर, देवळाच्या ओवरीत, स्थानकावर झोपणाऱ्यांची गणना करायची आणि १ ते ५ मार्च या दिवसांत मधल्या काळातील जन्म-मृत्यूंची नोंद करण्यासाठी पुन्हा एक फेरी मारायची, असा तो कार्यक्रम होता. पर्यवेक्षकाने भरलेली पत्रके तपासायची आणि शंका वाटेल तिथे प्रत्यक्ष जाऊन खात्री करायची.

ज्या दिवसाविषयी लिहीत आहे तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातला. आदल्या संध्याकाळी एका तरुण प्रगणक बाईंनी भरलेला गठ्ठा मी चाळत होतो. अक्षर मोत्यासारखे, आकडे चौकटीत नीट बसलेले, वये आणि जन्मतारखा एकमेकींशी जुळणाऱ्या. अडचण एकच होती. एका संपूर्ण गल्लीतील जवळजवळ प्रत्येक प्रौढ स्त्रीपुढे ‘गेल्या वर्षात कधीही काम केले का’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर होते आणि पुढच्या रकान्यात ‘घरकाम’ लिहिलेले होते. पुरुषांपुढे मात्र यंत्रमाग, टॉवेल कारखाना, हमाली, रिक्षा अशा नोंदी होत्या.

सोलापूरचा पूर्व भाग ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला ही पत्रके वाचून आश्चर्यच वाटेल. एकोणिसाव्या शतकात दुष्काळामुळे आणि पुढे गिरण्यांच्या ओढीने तेलंगणातील पद्मशाली विणकर कुटुंबे मोठ्या संख्येने या शहरात आली. १८७७ साली पहिली कापड गिरणी निघाली, तिच्यामागून आणखी निघाल्या. हातमाग होते, त्यांच्या जागी यंत्रमाग आले. गिरण्या एकेक करून बंद पडल्या तरी चादर आणि टॉवेल टिकून राहिले. पुरुष मागावर आणि स्त्रिया विडीवर, अशी या वस्तीची विभागणी कित्येक पिढ्यांची आहे. भिजवलेले पान पत्र्याच्या मापाने कापायचे, त्यात तंबाखू भरून वळायचे, दोरा बांधायचा, तोंड बंद करायचे आणि तयार माल कंपनीच्या ब्रँचमध्ये नेऊन द्यायचा. तिथून पुन्हा पान-तंबाखू घेऊन घरी यायचे. मजुरी हजार विड्यांमागे. ज्या गल्लीत पत्रकांप्रमाणे एकही स्त्री काम करत नव्हती, त्याच गल्लीतून जाताना मी दारोदारी सुपे मांडलेली पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रगणक बाईंना बरोबर घेऊन मी त्या गल्लीत गेलो. त्यांच्यावर राग धरण्यासारखे काही नव्हते, कारण त्यांनी छापील प्रश्न जसाच्या तसा विचारला होता आणि मिळालेले उत्तर प्रामाणिकपणे लिहिले होते. पहिल्याच घरात याचा उलगडा झाला. घरातील कर्ता मुलगा रात्रपाळी करून आलेला, उंबऱ्यात बसला होता. आत त्याची आई, बायको आणि धाकट्या भावाची बायको अशा तिघी सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी बायकोच्या कामाविषयी विचारले, तेव्हा तो सहज म्हणाला, “तिला कुठलं काम वो सर, घरीच असते की.” हे बोलणे चालू असताना तिचा हात क्षणभरही थांबला नव्हता. खोटे बोलण्याचा त्याचा हेतू नव्हता. जे भोंग्यावर सुरू होते, ज्यासाठी चप्पल घालून घराबाहेर पडावे लागते, ते काम, अशी गिरणीच्या शहरात रुजलेली समजूत त्याच्या बोलण्यात होती, आणि मला वाटते त्या तिघींचीही समजूत त्याहून फारशी वेगळी नव्हती.

जनगणनेची व्याख्या मात्र याबाबत स्पष्ट आहे. मोबदला, मजुरी किंवा नफा मिळो वा न मिळो, कोणत्याही आर्थिक उत्पादक कृतीत सहभाग म्हणजे काम. ते घरात बसून केले की बाहेर जाऊन, याने फरक पडत नाही. वर्षातून सहा महिने किंवा अधिक काम करणारी व्यक्ती ‘मुख्य’ कामगार, त्याहून कमी काळ करणारी ‘सीमांतिक’. तेव्हा लागू असलेला १९६६ चा विडी व सिगार कामगारांविषयीचा कायदाही घरी माल नेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रीला कामगारच मानत होता. स्त्रियांचे काम गणनेतून निसटते याची जाणीव असल्यामुळे, याविषयी खोदून विचारावे अशी सूचनाही प्रगणकांना प्रशिक्षणात दिलेली असते. म्हणून मी प्रश्न बदलला. “काम करता का?” असे न विचारता “विड्या वळता का? वर्षातले किती महिने?” असे विचारले. सासूबाई हसून म्हणाल्या, “बारा महिने की. सणाला तेवढं बंद.”

इथपर्यंत सारे सोपे होते. दोन्ही सुनांविषयी विचारताच मात्र सासूबाईंचा सूर बदलला. त्या नुसत्या मदत करतात, लिहू नका, असे त्या दोनदा म्हणाल्या. कारण समजायला थोडा वेळ लागला. ब्रँचचे कार्ड सासूबाईंच्या नावावर होते आणि त्या एका कार्डावर तिघी वळत होत्या. भविष्यनिर्वाह निधी जमा होत होता तो एकीचा. सुनांची नावे सरकारी कागदावर कामगार म्हणून गेली, तर उद्या कोणीतरी कार्ड तपासायला येईल, अशी भीती त्यांच्या मनात होती. मी त्यांना १९४८ च्या जनगणना अधिनियमातील पंधराव्या कलमाविषयी सांगितले: पत्रकातील माहिती कोणालाही पाहता येत नाही आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. कलमाच्या क्रमांकाने कोणाचे समाधान होत नाही, हे शिक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. त्यांचे समाधान झाले ते प्रगणक बाईंमुळे. त्या तेलुगूत काहीतरी बोलल्या, सासूबाईंनी त्यांच्या माहेरची चौकशी केली, आणि मग तिघींचीही नोंद घरगुती उद्योगातील मुख्य कामगार म्हणून झाली.

त्या बाईंचे माहेर याच भागातले आहे, हे मला तोवर माहीत नव्हते. त्यांच्या स्वतःच्या आईने विड्या वळूनच त्यांना डी.एड.पर्यंत शिकवले होते. तरीही गल्लीभर त्यांनी ‘घरकाम’ लिहिले होते. मी कारण विचारले नाही. गल्लीच्या टोकाशी पोहोचल्यावर त्याच म्हणाल्या, “सर, माझ्या शाळेच्या दाखल्यावरही आईपुढे गृहिणीच लिहिलंय.”

त्याच घरात आणखी एक पेच होता. मोठ्या सुनेचे बाळ तिच्या माहेरी, करीमनगर जिल्ह्यात जन्मलेले. ते गाव तेव्हा आंध्र प्रदेशात होते. बाळंतपणानंतर बाळ सोलापूरला आले. जन्मस्थान आणि पूर्वीचे राहण्याचे ठिकाण या प्रश्नांनुसार ते बाळ परराज्यातून आलेले स्थलांतरित ठरते; स्थलांतराच्या कारणांत ‘जन्मानंतर आले’ असा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो. त्याचे पणजोबा माग घेऊन या शहरात आले आणि इथेच वारले. आजी-आजोबा आणि वडील इथेच जन्मले. तरी आकड्यांत ते बाळ बाहेरचे. स्थलांतराचे कोष्टक वाचताना ‘परप्रांतीय’ म्हणून आरडाओरडा करणाऱ्यांनी त्यात विवाहामुळे आलेल्या सुना आणि माहेरी जन्मलेली बाळे किती, हे आधी पाहावे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

पलीकडच्या घरात उलटा आग्रह होता. थोरला मुलगा पुण्याला खासगी कंपनीत नोकरीला लागून बरेच दिवस झाले होते; तो गणनेच्या सबंध काळात सोलापुरात येणार नव्हता. नियमानुसार त्याची गणना पुण्यात व्हायची. आई मात्र ऐकायला तयार नव्हती. “रेशनकार्डावर नाव हाय त्याचं, तुम्ही कसं काय काढता?” असे ती म्हणत राहिली. जनगणनेत नाव काढले जात नाही, तो जिथे राहतो तिथे मोजला जातो, हे तिला पटले की नाही कोण जाणे. तिने शेवटी विषय सोडून दिला. त्या गल्लीत पुण्याला गेलेल्या तरुणांची नावे सांगण्याची चढाओढच लागल्यासारखी होती. पुढे अंतिम आकडे आले तेव्हा या आईची मला आठवण झाली. शहराची लोकसंख्या २००१ मध्ये ८,७२,४७८ होती, ती २०११ मध्ये ९,५१,५५८ झाली. म्हणजे दहा वर्षांत वाढ जेमतेम नऊ टक्के. त्याआधीच्या दशकात ६,०४,२१५ वरून झालेली चव्वेचाळीस टक्क्यांची उडी पाहून शहर फुगले असे कोणी म्हणेल, पण १९९२ च्या हद्दवाढीने भोवतालची गावे महापालिकेत आली, त्याचा त्या उडीत मोठा वाटा होता. हद्दीची रेघ हलली की शहराचे रूप कागदावर बदलते. कुंभारीला विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. तिथे गेलेली कुटुंबे पूर्व भागातलीच, काम तेच, भाषा तीच. पण त्यांचा पत्ता महापालिकेच्या हद्दीबाहेरचा.

मातृभाषेच्या रकान्यावर दुपारी बराच वेळ गेला. लहानपणी आई ज्या भाषेत बोलत असे ती मातृभाषा, प्रत्येक व्यक्तीची वेगळी विचारायची, कुटुंबप्रमुखाची सर्वांना लावायची नाही, असा नियम आहे. एका घरात आजी तेलुगू म्हणाल्या, वडील तेलुगू म्हणाले, आणि महाविद्यालयात जाणारा मुलगा ठामपणे “माझी मराठी लिहा” म्हणाला. आई त्याच्याशी तेलुगूतच बोलते, हे आम्ही तिथे बसल्या बसल्या ऐकत होतो. तरीही त्याने सांगितले तेच लिहिले, कारण उत्तर त्याचे होते. गल्लीच्या दुसऱ्या अंगाला कानडी बोलणारी लिंगायत कुटुंबे होती, त्यापुढे उर्दू बोलणारी मुस्लिम कुटुंबे. आणि यांतले बहुतेक सर्व जण येणाऱ्या इतर भाषांच्या रकान्यात मराठी व हिंदी सांगत. त्या रकान्यात दोनच भाषांना जागा आहे. सोलापुरात ती अपुरी पडते.

जातीच्या बाबतीत तर पत्रक जवळजवळ मुकेच होते. अनुसूचित जाती-जमातींखेरीज कोणाचीही जात विचारायची नव्हती, त्यामुळे ज्या समाजाने हा भाग वसवला त्या पद्मशालींचे नाव त्या गठ्ठ्यात कुठेही नव्हते. एका कैकाडी गृहस्थांनी विदर्भातील आपल्या नातेवाइकांचा दाखला देऊन अनुसूचित जातीचा रकाना भरायला सांगितले. विदर्भात कैकाडी अनुसूचित जातीत येतात आणि उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींत, हे त्यांना समजावून सांगताना त्या नियमाचे समर्थन करणे मला जमले नाही. मी फक्त तो सांगितला. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणाऱ्या जनगणनेत सर्वांची जात विचारली जाणार आहे, तेव्हा या वस्तीचे चित्र निदान त्या बाजूने पुरे होईल.

सर्वांत अवघड घर शेवटी आले. सातवी-आठवीतली एक मुलगी शाळेच्या गणवेशातच बसून विड्यांना दोरा बांधत होती. शाळेत जाते का, या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ होते. कामाच्या प्रश्नाला वयाची अट नाही आणि शाळा सांभाळून केलेले अर्धवेळ कामही व्याख्येत बसते. मी आईला विचारले, तेव्हा ती मुलीच्या हातातला गुच्छ काढून घेत म्हणाली, “ती काही करत नाही, आता बसलीय नुसती. परीक्षा हाय तिची.” सुनांच्या बाबतीत मी ज्या आग्रहाने प्रश्न फिरवून विचारला होता, तसा इथे विचारला असता तर कदाचित दुसरे उत्तर मिळाले असते. प्रगणक बाईंनी माझ्याकडे पाहिले. डोळ्यांना दिसते ते लिहिण्याचा अधिकार प्रगणकाला नाही. सांगितले जाते तेच लिहायचे असते. आम्ही ‘नाही’ लिहिले आणि पुढे ‘विद्यार्थी’. माझ्या मते ते नियमानुसार बरोबर होते आणि माहिती म्हणून चूक होते.

त्या संध्याकाळी बाकीच्या प्रगणकांना बोलावून मी विडीविषयीचा प्रश्न कसा विचारायचा ते सांगितले. तिघांनी आपापल्या गटातील घरे पुन्हा पालथी घातली आणि त्यांच्या पत्रकांत स्त्री-कामगारांच्या नोंदी दिसू लागल्या. एका गटाचे काम आधीच संपून गठ्ठा सुपूर्द झाला होता. मार्चच्या फेरीत कामाचे रकाने नव्याने भरायची सोय नव्हती, त्यामुळे त्या गटातील स्त्रिया पत्रकांत होत्या तशाच राहिल्या.