तुम्ही विचारलंत म्हणून: कॉन्फरन्सला व्हॉलंटियर होऊन खरंच पीआर शिकता येतं का?

पीआर, म्हणजे जनसंपर्क, शिकणाऱ्या मुलामुलींचे मला मेसेज येतात आणि प्रश्न जवळजवळ सारखाच असतो. "मॅडम, एका इकॉनॉमिक कॉन्फरन्सला व्हॉलंटियर हवेत, पैसे नाहीत, सर्टिफिकेट देणार आहेत, फॉर्म भरू का? अनुभव मिळतो का त्यातून, की नुसतं दोन दिवस उभं राहायचं?" प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिते.

भरा. मीसुद्धा असाच फॉर्म भरून सुरुवात केली होती. फक्त "कोणत्या टीममध्ये काम करायला आवडेल" या रकान्यात "कुठेही चालेल" असं लिहू नका, मीडिया डेस्क, म्हणजे पत्रकारांना माहिती देणारं टेबल, लिहा. "कुठेही चालेल" वाल्यांना रजिस्ट्रेशनला बसवतात नाहीतर हॉलच्या दारात उभं करतात. ते काम हलकं आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, ते नीट झालं नाही तर सकाळचं पहिलं सत्रच रखडतं, पण ते पीआर नाही. पीआर तिथे असतं जिथे स्टेजवर बोललेलं वाक्य हॉलच्या बाहेर पडतं, आणि ते जसंच्या तसं बाहेर पडतंय ना हे कुणीतरी बघत असतं. तो कुणीतरी तुम्हाला व्हायचंय.

आता इकॉनॉमिक कॉन्फरन्सच का, फॅशन शो किंवा टेक इव्हेंट का नाही, असंही विचारतात. कारण इथे चुकीला लपायला जागा नसते. एखाद्या इव्हेंटच्या प्रेस नोटमध्ये "भव्य" ऐवजी "दिमाखदार" लिहिलंत तर कुणाचं काही बिघडत नाही. इथे एक शब्द इकडचा तिकडे झाला की आकडाच बदलतो, आणि समोर जो पत्रकार बसलेला असतो त्याला ते लगेच कळतं.

माझ्याच बाबतीत घडलेलं सांगते. दुसऱ्या दिवशीची दुपार, व्याजदरांवरचं पॅनेल चालू होतं आणि माझ्याकडे कोट शीटचं काम होतं. कोट शीट म्हणजे वक्त्यांची महत्त्वाची वाक्यं ऐकता ऐकता टाइप करायची, सत्र संपलं की प्रिंट काढून मीडिया डेस्कवर ठेवायची. एक वक्त्या म्हणाल्या की दर पुढच्या दोन वर्षांत दोन पर्सेंटेज पॉइंटनी खाली येऊ शकतात. मी घाईत लिहिलं, "२ टक्क्यांनी". ३० प्रती काढल्या, ठेवल्या. पाचेक मिनिटांत एका न्यूज एजन्सीच्या बाई ती प्रत घेऊन आल्या, त्या शब्दाखाली पेनाने रेघ मारलेली, आणि विचारलं, "हे टक्के आहेत की पॉइंट?"

माझ्या तोंडावर "एकच ना ते" आलं होतं. एकच नसतं! दर ६ टक्के असेल आणि तो २ पर्सेंटेज पॉइंटनी उतरला तर ४ होतो, २ टक्क्यांनी उतरला तर ५.८८. एक म्हणजे मोठी बातमी आणि दुसरं म्हणजे बातमीच नाही. माझ्या मागे आमचे सीनियर उभे होते, ते हळूच म्हणाले, "आत्ता उत्तर देऊ नकोस, ऐकून सांगते म्हण." मी तसं म्हटलं. मग साउंडवाल्यांकडून रेकॉर्डिंग घेतलं, हेडफोन लावून तेवढंच वाक्य तीनदा ऐकलं, वक्त्यांबरोबर आलेल्या सहाय्यकाला दाखवून खात्री केली, आणि मग त्या बाईंकडे जाऊन सांगितलं की पॉइंट बरोबर, आमच्या शीटवर चूक झालीये.

मला वाटलं झालं. सीनियर म्हणाले, "बाकीच्या प्रतींचं काय?" टेबलावर मोजल्या तर २३. म्हणजे सात जणांच्या हातात चुकीचा आकडा होता. नवीन प्रत काढली, वर "दुरुस्त प्रत" आणि वेळ टाकली, आणि ती घेऊन मी प्रेस रूममध्ये एकेका टेबलाशी जाऊन "तुम्ही आमची आधीची शीट घेतलीत का" असं विचारत फिरले. सहा जण सापडले. सातवा निघून गेला होता, त्याचा नंबर अ‍ॅक्रेडिटेशनच्या (नोंदणी केलेल्या पत्रकारांच्या) यादीत मिळाला, त्याला फोन केला, त्याची बातमी अजून गेली नव्हती. त्या अर्ध्या तासात मी जे शिकले ते आधीच्या दोन सेमिस्टरमध्ये शिकले नव्हते, आणि हे मी कॉलेजला नावं ठेवायला सांगत नाहीये, वर्गात तुमच्यासमोर डेडलाइन असलेला माणूस उभा नसतो एवढंच.

पीआर म्हणजे चांगलं चांगलं बोलणं असा बऱ्याच जणांचा समज असतो, पण या धंद्याची सुरुवात बघा. अमेरिकेत आयव्ही ली नावाचा माणूस, आधी स्वतः पत्रकार, त्याने १९०६ मध्ये वर्तमानपत्रांना एक जाहीरनामा पाठवला की आमचं काम उघडपणे चालेल, माहिती वेळेवर आणि अचूक देऊ, आणि कुठल्याही संपादकाला एखादी गोष्ट पडताळून बघायची असेल तर आम्ही आनंदाने मदत करू. ली स्वतः पुढे किती वेळा त्या शब्दाला जागला यावर पुष्कळ वाद आहेत, पण पडताळून बघायला मदत करणं हे काम पहिल्यापासून या व्यवसायात आहे, आणि व्हॉलंटियरला नेमकं तेच करायला मिळतं.

आणि एका वाक्याचं वजन किती असतं ते बघायचं असेल तर २६ जुलै २०१२ बघा. लंडनमध्ये एक इन्व्हेस्टमेंट कॉन्फरन्स होती, युरोपियन सेंट्रल बँकेचे तेव्हाचे प्रमुख मारिओ द्रागी बोलत होते. युरो टिकतो की नाही अशी अवस्था, स्पेनच्या १० वर्षांच्या सरकारी बाँडचा यील्ड, म्हणजे सरकारला कर्जासाठी मोजावा लागणारा दर, त्याच आठवड्यात ७ टक्क्यांच्या वर गेलेला. ते म्हणाले की युरो वाचवण्यासाठी जे लागेल ते करायची बँकेची तयारी आहे. यील्ड उतरायला लागले. सप्टेंबरमध्ये बँकेने बाँड खरेदीची योजना जाहीर केली, आणि त्या योजनेखाली आजवर एकही बाँड विकत घ्यावा लागलेला नाही. शब्दांनीच काम केलं. पण माझ्या विद्यार्थ्यांना मी दाखवते ते वेगळंच, त्या वाक्याच्या सुरुवातीला "आमच्या अधिकारांच्या मर्यादेत" असे शब्द होते आणि लोकांच्या लक्षात फक्त पुढचा भाग राहिला. कोट शीट करताना तो पुढचा भाग आकर्षक वाटतो म्हणून तेवढाच घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. अर्थतज्ज्ञ "जर", "साधारण", "आत्ताच्या आकडेवारीनुसार" असं उगाच म्हणत नाहीत, तो त्यांच्या म्हणण्याचा भाग असतो, आणि तो गाळलात तर उद्या ते म्हणतील मी असं बोललोच नाही, आणि त्यांचं बरोबर असेल.

बाकी तिथल्या दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. एक एम्बार्गो. म्हणजे भाषणाची प्रत किंवा रिपोर्ट पत्रकारांना आधी देतात पण ठरलेल्या वेळेआधी छापायचा नाही अशी अट असते, त्यामुळे ती प्रत तुमच्या हातात असेल तर तिचा फोटो मैत्रिणीलासुद्धा पाठवायचा नाही, आणि वेळ लिहिताना कुठल्या देशाची वेळ तेही लिहायचं. दुसरं चॅटम हाउस रूल. लंडनच्या चॅटम हाउसमध्ये १९२७ मध्ये हा नियम झाला, त्यात ऐकलेली माहिती वापरायला परवानगी असते पण कोण बोललं, ते कुठल्या संस्थेचे, आणि आणखी कोण हजर होतं हे सांगता येत नाही. ऑफ द रेकॉर्डपेक्षा, म्हणजे ऐकलेलं बातमीत वापरायचंच नाही त्यापेक्षा, हे वेगळं आहे, मुलं दोन्ही एकच समजतात. एकदा आमच्यातल्याच एका उत्साही मुलाने अशा बंद सत्राचा फोटो टाकला, बॅजवरची नावं वाचता येत होती. दोन मिनिटांत काढला, तरी त्या वक्त्याने दुसऱ्या दिवशीच्या सत्राला यायला नकार दिला. त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून तुम्हीच विचारा, प्रत्येक सत्राआधी, "हे ऑन रेकॉर्ड आहे का?"

तयारी काय करायची, हेही विचारता. अर्थशास्त्राची डिग्री लागत नाही पण चार-पाच फरक पक्के पाहिजेत. टक्के आणि पर्सेंटेज पॉइंट वर सांगितलंच, १०० बेसिस पॉइंट म्हणजे १ पर्सेंटेज पॉइंट. महागाई कमी झाली म्हणजे किमती उतरल्या असं नाही, वाढायचा वेग कमी झाला. आणि जीडीपी वाढीचा आकडा आला की कशाच्या तुलनेत ते विचारा, कारण अमेरिका तिमाहीची वाढ वार्षिक दराने सांगते, म्हणजे तोच वेग वर्षभर राहिला तर किती होईल ते, आणि युरोपात मुख्य आकडा आधीच्या तिमाहीच्या तुलनेतला असतो, त्यामुळे एकाचे २ टक्के आणि दुसऱ्याचे ०.५ टक्के हे जवळपास सारखेच असू शकतात. हे माहीत नसलेला माणूस दोन्ही आकडे एका ओळीत लिहून मोकळा होतो. वक्त्यांच्या नावांचे उच्चारही आदल्या दिवशी विचारून लिहून ठेवा, स्वतःचं नाव नीट घेतलेलं प्रत्येकाला आवडतं.

फुकट राबवून घेतात का? हो, काही ठिकाणी घेतात, आणि मला त्याचा राग येतो. मोठे प्रायोजक असतात, मोठं सभागृह असतं आणि मुलांना मात्र बारा-बारा तास उभं करतात. ज्याला घरी पैसे द्यावे लागतात त्याला दोन दिवस फुकट जाणं परवडत नाही, मग ही संधी ज्यांना परवडतं त्यांनाच मिळते, हे बरोबर नाही. म्हणून होकार देण्याआधी न लाजता लेखी विचारा: तास किती, प्रवासखर्च देता का, माझं काम बघणारा माणूस कोण, अर्ध्या दिवसाची शिफ्ट मिळेल का. काम बघणारा माणूस कोण याचं उत्तर मिळालं नाही तर मी सांगेन जाऊ नका. चूक दाखवणारं कुणी नसेल तर तुम्ही दोन दिवस तिथे असाल, शिकणार काही नाही. मला ते सीनियर भेटले नसते तर सात प्रती तशाच गेल्या असत्या आणि मला कळलंही नसतं.

सीव्हीवर "आंतरराष्ट्रीय परिषदेत सहभाग" लिहू नका, त्यातून कुणालाच काही कळत नाही. काय केलं ते लिहा, अमुक सत्रांच्या कोट शीट तयार केल्या, इतक्या पत्रकारांच्या मुलाखतींच्या वेळा लावल्या, चुकीची माहिती किती वेळात दुरुस्त करून पोचवली. आणि छापून आलेल्या बातम्यांची जाहिरातीच्या दराने किंमत काढून ती मिरवू नका, पीआरचं काम कसं मोजायचं यावरच्या २०१० च्या बार्सिलोना प्रिन्सिपल्समध्येच स्पष्ट सांगितलंय की अशा हिशेबातून पीआरचं मूल्य कळत नाही. मुलाखत घेणाऱ्याला ते माहीत असेल तर तुमचीच पंचाईत होईल.

तुम्ही केलेल्या शीटची एक-एक प्रत परवानगी घेऊन जवळ ठेवा, दुरुस्त केलेलीसुद्धा. सर्टिफिकेटपेक्षा शिफारसपत्र मागा, आणि शेवटच्या दिवशी सामान आवरायच्या आधीच मागा, कारण पुढच्या आठवड्यात ती सगळी टीम दुसऱ्या कामाला लागलेली असते आणि तुमचं काम ज्यांनी बघितलं त्यांना त्या दिवशी ते नीट आठवत असतं.