पाच एकरात तीन घोड्यांची वाटून चराई, माझा अनुभव (नागपूर)

घोडेवाले मित्र सारखे विचारतात की एवढ्याशा जागेत गवत टिकवता कसं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आमचं वावर काटोल रोडच्या बाजूला, पाच एकर, वरचा उताराचा भाग मुरमाड आणि खाली काळी माती. दोन मारवाडी घोड्या आणि एक काठेवाडी घोडा. वावर काही वर्षं पडीक होतं त्यामुळे गाजर गवत माजलेलं, धुऱ्यावर एरंड आणि रायमुनिया (घाणेरी).

सगळ्यात आधी ही विषारी झाडं मुळासकट काढली, मृगाच्या आधीच. रायमुनियाने लिव्हर खराब होतं, एरंडाच्या बिया आणि कण्हेरीची पानं तर थोडी पोटात गेली तरी घोडा हातचा जाऊ शकतो. कापून बांधावर टाकलेली कण्हेर पण चालत नाही, वाळली तरी तिचं विष तसंच राहतं.

मग वाटणी. गाय जिभेने गवत ओढून खाते, तिला वरचे पुढचे दात नसतात. घोड्याला वर-खाली दोन्ही दात, त्यामुळे तो जमिनीलगत कुरतडतो. आमचे साईस काका म्हणतात, "भाऊ, घोडा बुडापासून खाते, त्याले मोकळं सोडलं का गवत गेलं समजा." शिवाय घोडे एका कोपऱ्यात लीद टाकतात आणि तिथलं गवत तोंडात घेत नाहीत, रोज जाऊन तेच कोवळं गवत खातात जे काल खाल्लं. म्हणजे एकाच वावरात अर्धी जमीन टकली आणि अर्धीत कंबरभर गवत उभं.

म्हणून पाच तुकडे केले आणि वर तबेल्याजवळ मुरमाचं एक मोकळं अंगण ठेवलं, ज्यात गवत नाहीच. माझ्या मते पूर्ण वाटणीत हे अंगण सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे झड लागली की काळ्या मातीत खूर रुततो, गवताची मुळं चेंदली जातात, माती दबून घट्ट होते आणि खूर सतत ओले राहून सडायला लागतात ते वेगळंच. झड लागली की घोडे अंगणात, समोर वाळलं गवत, आणि जमीन पाय रुतणार नाही एवढी सुकली की मगच बाहेर. लोक तुकडे पाडतात पण पावसात घोडे ठेवायचे कुठे हे ठरवत नाहीत, मग तुकडे पाडून काय फायदा.

कुंपणाला काटेरी तार अजिबात नको, घोडा बिचकला की थेट तारेत घुसतो आणि कातडी सोलून निघते. आम्ही सोलरवरचं झटका मशीन लावलं आणि बारीक तारेऐवजी रुंद पांढरी पट्टी ओढली, ती घोड्याला लांबूनच दिसते. उन्हाळ्यात मुरूम कोरडा पडला की अर्थिंग मिळत नाही, झटका कमी होतो, तेव्हा अर्थिंगच्या सळईभोवती बादलीभर पाणी ओतत राहायचं.

गवत कोणतं लावायचं यावर जो तो नेपियर सांगत होता. गाई-म्हशींना ठीक आहे, पण नेपियर, अंजन अशा गवतात ऑक्झलेट जास्त असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि घोड्याच्या अंगी लागू देत नाही. गाईच्या पोटातले जंतू बरंचसं ऑक्झलेट मोडतात, घोड्याचं तसं नाही. हेच गवत महिनोन् महिने मुख्य चारा म्हणून दिलं तर हाडं पोकळ होतात, तोंडाची हाडं फुगतात, घोडा लंगडतो, आणि वर गव्हाचा कोंडा भरपूर देत असाल तर त्यातल्या फॉस्फरसने अजून बिघडतं. म्हणून खाली काळ्या मातीत मारवेल गवताचे ठोंब लावले, पहिला पाऊस चांगला मुरल्यावर. वर मुरमात पवना गवत आणि हरळी आपोआप होतीच, त्यांना फक्त आराम दिला. मारवेलच्या तुकड्यात पहिल्या पावसाळ्यात घोडे सोडलेच नाहीत. हाताने मूठभर गवत जोरात ओढायचं, ठोंब उपटून हातात आला तर अजून थांबायचं.

चराईचा हिशोब आम्ही कॅलेंडरवर नाही, गवताच्या उंचीवर ठेवतो. वीतभर झालं की घोडे आत, चार बोटं उरलं की बाहेर, मारवेल-पवन्याला त्याहून थोडं जास्त ठेवतो. भर पावसाळ्यात एका तुकड्यात पाच-सहा दिवस जातात, म्हणजे बाकी चार फिरून येईपर्यंत त्याला तीन-साडेतीन आठवडे आराम मिळतो. आठवड्याच्या वर एका जागी ठेवायचं नाही याला कारण आहे, कापलेल्या गवताला तोवर नवे कोंब फुटतात आणि घोडा तेच आधी खातो, आणि ओल्या-उबदार हवेत लिदीतल्या जंताच्या अंड्यातून निघालेल्या अळ्या साधारण आठवड्यात घोड्याला लागण करण्यालायक होतात. ऑक्टोबरनंतर वाढ मंदावते तेव्हा हा आराम दुपटीने वाढवावा लागतो. आणि हो, पावसाळ्याच्या सुरुवातीला वाळल्या चाऱ्यावरून एकदम दिवसभर हिरव्यावर सोडायचं नाही, पोटदुखी होते. सकाळी तासभर, मग हळूहळू वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण.

जंताचं औषध डोळे झाकून देणं बंद केलं, आधी लीद लॅबमध्ये तपासून अंडी मोजून घेतो आणि ज्याच्यात जास्त त्यालाच डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध. पावसाळ्यात लीद रोज घमेल्याने उचलतो, तेव्हा वावरात पसरवली तर अळ्या सगळीकडे जातात. उन्हाळ्यात उलट. नवतप्यात (मे अखेरचे कडक उन्हाचे दिवस) ४५ डिग्रीच्या उन्हात राहिलेली लीद फोडून पातळ पसरवली की अळ्या वाळून मरतात आणि जमिनीला खत मिळतं, तेव्हा तुकडा रिकामाच असतो. घोड्यांनी सोडलेलं उंच गवत खायला शेजारच्या काकांच्या गाई सोडतो, घोड्यांचे बहुतेक जंत गाईच्या पोटात जगत नाहीत, त्यामुळे रान साफ होतं.

पोळ्यानंतर एक-दोन तुकडे चराईतून काढतो आणि फुलोऱ्यावर येताच कापून वाळवतो. कुसळी गवत असेल तर उशीर अजिबात नको, कुसळं धरली की घोड्याच्या हिरड्यात आणि गालात घुसतात. ३५० किलोच्या घोड्याला दिवसाला ६-७ किलो सुका चारा लागतो, तीन घोड्यांचे २० किलो धरा, त्यामुळे पाच एकरात वर्ष निघत नाही हे स्पष्ट आहे. चराई साधारण जुलै ते डिसेंबर, पुढे कापलेलं गवत, ते संपलं की विकतचं वाळलं गवत आणि थोडं हरभऱ्याचं कुटार (भुसा). यंदा खालच्या दोन तुकड्यांत मारवेलमध्ये स्टायलो (शेंगवर्गीय चारा) पेरणार आहे, विकतच्या चाऱ्याचा खर्च थोडा तरी कमी होईल असं वाटतं.